रागाचाही लॉग ठेवा



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. संस्थांचा अभ्यास हा काही माझा विषय नाही. आपल्या गटामुळे तो गळ्यात पडला. गेल्या वर्षी आपण शिष्यवृत्ती देणाऱ्या एका ट्रस्टचं कामकाज पाहिलं. तिथल्या क्लार्कने माझ्यासमोर एका मुलीचा अर्ज परत केला. उत्पन्नाचा दाखला जुना होता. इंजिनिअरिंगला असताना माझाही अर्ज असाच परत आला होता. तेव्हा अब्बा रोजंदारी बुडवून तहसील कार्यालयात गेले होते. मी वहीत लिहिलं, ‘मुद्दाम अडवतात.’

ते निरीक्षण नव्हतं. तो माझा पंधरा वर्षांपूर्वीचा राग होता.

पुढे समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांचं काम वाचलं. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सातही जण गेले. व्यवस्थापकांनी जाणूनबुजून नियम मोडले असावेत, असं वॉन यांना सुरुवातीला वाटत होतं. कागदपत्रं वाचल्यावर कळलं, ज्याला त्या नियमभंग समजत होत्या ते नासाच्या नियमांत बसत होतं. रबरी कड्यांची हानी हळूहळू ‘चालण्यासारखी’ ठरत गेली होती. १९९६च्या त्यांच्या पुस्तकात कुणी खलनायक सापडत नाही, म्हणूनच ते जास्त अस्वस्थ करतं.

मी ट्रस्टमध्ये परत गेलो. क्लार्क म्हणाले, “बेटा, नियम मी नाही केले.” त्यांनी फाइली दाखवल्या. एकेका तक्रारीनंतर एकेक कागद वाढत गेला होता. कमी कुणीच केला नव्हता.

मग माझा राग चूक होता का? नाही. रांगेत उभं राहणाऱ्याला काय वाटतं, हा प्रश्न त्या रागामुळेच मला सुचला. आमच्यातल्या एकाचे चाचा त्या ट्रस्टवर आहेत. त्याला तो सुचला नाही. त्याची आपुलकी हीसुद्धा भावनाच. पण तिला आम्ही ‘तटस्थपणा’ म्हणत होतो.

म्हणून साधी गोष्ट करा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे पाहिलेलं, ऐकलेलं. उजवीकडे, तेव्हा मला काय वाटलं ते, तारखेसह. संध्याकाळी वह्या एकमेकांना वाचायला द्या. आम्ही सॉफ्टवेअरवाले लॉग पुसून बग शोधत नाही.

पुढच्या महिन्यात आपण आपल्याच संघटनेचा अभ्यास करणार आहोत. तिथे राग कमी आणि प्रेम जास्त असेल. उजवा रकाना तेव्हा कोरा ठेवू नका.