यंत्राची कुरकुर
(मंडळाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



जयपुरात राहून दुर्बिणीविषयी बोलावयाचे, तर प्रथम सवाई जयसिंहांचे स्मरण करणे उचित होय. त्यांनी आरंभी पितळेची यंत्रे करवून पाहिली. परंतु आकार लहान, आस झिजतात, केंद्र ढळते, म्हणून वेध चुकतात, असे त्यांच्या 'झीज-ए-मुहम्मदशाही'च्या प्रस्तावनेत नमूद आहे. पुढे त्यांनी दगडचुन्याची विशाल यंत्रे उभारली. येथील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच असून त्यावर २ सेकंदांपर्यंत काल वाचता येतो. त्यांचे सहकारी पंडित जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय होते व टॉलेमीचा ग्रंथ त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणला, हे परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

जयसिंहांनी झिजणारा भागच शक्य तेथे वगळला. आजची विजेवर चालणारी दुर्बीण मात्र अशा भागांवरच अवलंबून असते. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरा घेते. तोच वेग उलट दिशेने दुर्बिणीस देण्यासाठी मोटर, लहान दंतचक्रे, 'वर्म' नावाचा मळसूत्री दांडा आणि त्यात गुंतलेले मोठे दंतचक्र अशी साखळी योजलेली असते.

वर्गणी जमवून मुलांसाठी घेतलेली आपली दुर्बीण घरघरू लागली, तेव्हा ती विकून टाकावी अशी सूचना पुढे आली होती. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, आयुष्य सरकारी कचेरीत गेलेले. परंतु अडलेली फाईल शोधताना टेबलामागून टेबल तपासावे लागते, हे आम्हांस ठाऊक होते. तोच मार्ग येथे अनुसरला.

प्रथम आवाजाची जात ओळखावी. दुर्बीण वेगाने एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे वळताना एकसुरी गुंजारव होणे स्वाभाविक आहे. ठरावीक अंतराने येणारी टकटक मात्र दोष दर्शविते, आणि करकर ऐकू आल्यास यंत्र तत्काळ थांबवावे. घड्याळ हाती घ्यावे. मोठ्या चक्रास १४४ दात असतील, तर ताऱ्याचा मागोवा घेताना वर्मचा एक फेरा सुमारे १० मिनिटांत होतो. आवाज त्याच अंतराने परतत असेल तर संशय वर्मवर. त्याहून पुष्कळ लवकर परतत असेल तर लहान चक्रांवर वा मोटरवर. नळी एका विशिष्ट दिशेस असतानाच कुरकुर होत असेल, तर तोल तपासावा. शेवटी मोटर वेगळी काढून एकटीच चालवावी. ती शांत असेल तर दोष पुढे आहे.

आमच्या तपासात मोटर निर्दोष ठरली. ग्रीज वाळून गेले होते, त्यात राजस्थानची बारीक वाळू मिसळली होती आणि वर्म चक्रावर फार घट्ट बसला होता. वीज तोडून धातूचे दात रॉकेल व मऊ ब्रशने स्वच्छ केले. प्लॅस्टिकच्या चाकांना रॉकेल लावले नाही. सर्व कोरडे करून नवे ग्रीज अगदी पातळ लावले, कारण जाड थर धूळच गोळा करतो.

मग वर्मचे स्क्रू किंचित सैल करून संपूर्ण चक्र फिरवून पाहिले. चक्र कधीच अचूक गोल नसते. म्हणून जेथे ते सर्वांत घट्ट लागते, तेथेच अंतर ठरवावे. फार घट्ट बसविल्यास दात एकमेकांस खातात. फार सैल सोडल्यास नळी डुलते. शेवटी तोल साधताना पूर्वेची बाजू कणभर जड ठेवली, म्हणजे दात एकाच बाजूने टेकून राहतात.

त्या रात्री शनी अर्धा तास दृष्टिक्षेत्रात स्थिर राहिला आणि मुलांची रांग जिन्यापर्यंत गेली. दुर्बीण विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

दगडाचे यंत्र कुरकुरत नाही; फिरणारे यंत्र कुरकुरते, आणि बिघाड कोठे आहे ते स्वतःच सांगते. ते ऐकून घेण्याइतका धीर आपल्या मुलांच्या अंगी यावा, म्हणून पुढच्या वेळी दुर्बीण उघडताना त्यांना जवळ बसवावे आणि स्क्रू त्यांच्या हाती द्यावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.