दाढ दुखते हे सांगायचं कुणी?

एक पंचविशीतला मुलगा. स्वमग्न, न बोलणारा. जेवण सोडलेलं, रात्री जागा, आणि स्वतःच्याच मुठीने उजव्या गालावर मारून घेतोय. घरचे म्हणाले, ‘याचं पुन्हा सुरू झालं.’ झोपेची गोळी वाढली. आईने मात्र एक गोष्ट हेरली: आवडीचं थंडगार ताक ओठाला लागताच त्याने पेला भिरकावला. तोंडात पाहिलं, तर खालची दाढ आतपर्यंत किडलेली आणि हिरडीत पू.

बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाचं वागणं अचानक बदललं, तर ते अक्षमतेच्या खात्यावर टाकण्याआधी तोंड उघडून बघा. माझं आजचं सांगणं मुख्यतः एवढंच.

दात बिघडायला कारणंही भरपूर. रात्रीची गोड सिरपं, ब्रशला विरोध, फिटसाठी दिलेल्या फेनिटॉइनने दातांवर चढलेल्या हिरड्या. डाऊन सिंड्रोममध्ये हिरड्यांचा आजार लवकर गाठतो. हा सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. काहींना दात काढण्याआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. म्हणून हृदयाचे जुने रिपोर्ट सोबत हवेतच.

फिट येऊन कुणी पडला आणि पुढचा पक्का दात मुळासकट निघाला, तर दात वरच्या भागाने धरा, मूळ घासू नका. माती लागली असेल तर क्षणभर धुवा आणि जागच्या जागी बसवा. तो पूर्ण शुद्धीवर नसेल किंवा बसवू देत नसेल, तर दात थंड दुधात टाका आणि अर्ध्या तासात दंतवैद्य गाठा. ‘गालात धरून आणा’ हा सल्ला इथे घातक; दात श्वासनलिकेत जाऊ शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. आणि दुखऱ्या दाढेत ॲस्पिरिन दाबून ठेवू नका, हिरडी भाजते.

हनुवटीखाली सूज, गिळता येईना, लाळ नेहमीपेक्षा जास्त, श्वासाला त्रास: अशा वेळी दाताचा दवाखाना शोधत बसू नका, थेट मोठं रुग्णालय.

आता आमच्या, म्हणजे दंतवैद्यांच्या, व्यवसायाबद्दल. ‘अशा केसेस आम्ही घेत नाही’ हे उत्तर पालकांना पाठ झालंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पंचविसावं कलम उपचारात प्राधान्य द्या म्हणतं. दुसरं टोक म्हणजे चौघांनी हातपाय धरून दाढ उपटणं. दाढ निघते, पण तो माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. भूल देऊन एकाच बैठकीत सगळी कामं करता येतात. दंत महाविद्यालयाच्या बालदंतरोग विभागात चौकशी करा; तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून दुखण्याची वाट पाहू नका.

आज घरी गेल्यावर एका कागदावर लिहा: औषधं, फिट, हृदय, कशाने घाबरतो, कशाने शांत होतो. तो कागद आईच्या एकटीच्या पर्समध्ये नको; शेजारीही एक प्रत द्या.