परसातला हळद्या
(मंडळाच्या चैत्रातील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



कचेरीतील टिपणांपलीकडे आमची लेखणी फारशी गेलेली नाही, आणि बी. ए.च्या पदवीवर पक्षिशास्त्रातील अधिकारही सांगता येत नाही. तरीही पक्ष्यांविषयी बोलण्याची मंडळाची आज्ञा आम्ही मानली, कारण दिल्लीतील आमच्या सरकारी निवासस्थानाच्या परसात गेली १४ वर्षे आम्ही उभयता या पाहुण्यांची हजेरी घेत आलो आहोत.

परस म्हणजे बारा पावलांची जागा, तीत तुतीचे एक झाड, बुंध्याला ठोकलेली फळी आणि फांदीला टांगलेले मातीचे परळ. फळीवर पिकले केळे, पपईची फोड, बिनमिठाचा भात. परळातील पाणी रोज बदलायचे, हा सौभाग्यवतींचा नियम. त्याला रविवारची सुटी नाही. पहिला हक्क अर्थातच खारींचा व साळुंक्यांचा. मग बुलबुलांची जोडी येते, शेपटीखाली कुंकवाचा ठसा लेवून. शिंजीर फळीकडे ढुंकूनही पाहत नाही, त्याला जास्वंद पुरते. हिवाळाभर मळकट वेषात वावरलेला त्याचा नर होळीपर्यंत असा निळाजांभळा झळकू लागतो की, हाच का तो, असे वाटावे! थिरथिरा मात्र याच सुमारास हिमालयाची वाट धरतो.

आणि दक्षिणेकडून येतो हळद्या, इकडच्या लोकांचा पीलक. आमच्या डायरीप्रमाणे त्याचे आगमन सर्वांत लवकर २७ मार्चला व सर्वांत उशिरा ११ एप्रिलला झाले आहे. तुती पिकण्याची वेळही हीच. आधी बासरीसारखी शीळ ऐकू येते, मग पानांत पिवळाधमक रंग हलतो. डोळ्यांतून ओढलेली काजळाची रेघ, काळे पंख, तांबूस चोच. मादी हिरवट पिवळी. स्वारी लाजरी, शेंड्यावरच बसते, फळीवर क्वचितच उतरते. दोन डहाळ्यांच्या बेचक्यात हा पक्षी झोळीसारखे घरटे टांगतो, आणि पुष्कळदा कोतवाल पक्ष्याच्या शेजारीच टांगतो. कोतवाल कावळ्याला पिटाळतो, संरक्षण याला फुकट मिळते. सरकारी नोकरीत असा शेजार लाभणे म्हणजे पूर्वपुण्यच!

उत्तरेत वीण आटोपून हा पक्षी हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे जातो. त्या दिवसांत आपल्या महाराष्ट्रातही तो दिसतो. काही थोडे तिकडेच राहून घरटी करतात, ज्यांची बदलीच होत नाही अशा भाग्यवंतांसारखे. आमच्या मातोश्री वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावाहून येथे येऊन राहिल्या, त्या पहिल्याच वसंतात शीळ ऐकून म्हणाल्या, "हा आपल्या आमराईतला. गौरीच्या हळदीकुंकवाला आला." पायात खुणेचे कडे घातल्यावाचून असे सिद्ध होणे नाही; पण आम्ही त्यांना कधी विरोध केला नाही. त्या गेल्यालाही आता सहा वर्षे झाली.

आता थोडे कटू सांगावयाचे आहे. आमची जुनी वसाहत पाडून तेथे उंच इमारती उभ्या राहावयाच्या आहेत. सप्टेंबरअखेर जागा सोडावयाची. नवे घर नवव्या मजल्यावर. माघात कोणी येऊन तुतीच्या खोडावर लाल रंगाने आकडा घालून गेले. नकाशात थोडा बदल करून ते झाड राखावे, असा अर्ज आम्ही केला आहे. तीस वर्षे आम्ही दुसऱ्यांच्या अर्जांवर 'विचाराधीन' असा शेरा मारला. तो शब्द वाचणाऱ्याला कसा लागतो, ते या वयात कळले. उत्तर अद्याप नाही. सौभाग्यवतींनी मात्र नवव्या मजल्याच्या गॅलरीसाठी दुसरे परळ आणून ठेवले आहे. बुलबुल तेवढे उंच येतील, असा त्यांचा अंदाज आहे. हळद्याविषयी त्या काही बोलत नाहीत.

यंदा मार्च सरला तरी शीळ नव्हती. तुती पिकून खाली सडा पडू लागला होता. रोज पहाटे आम्ही दोघे चहाचे पेले घेऊन मागल्या पायरीवर बसत होतो, आणि एकमेकांना काही विचारत नव्हतो. अखेर एके सकाळी त्यांनी पेला खाली ठेवला व बोट वर केले. त्या दिवशीची डायरीतील नोंद अशी: ४ एप्रिल, सहा वाजून चाळीस मिनिटे, हळद्या, नर, एक.