मागचे सुकाणू



आडवाटेने जाणाऱ्या गाडीची मागची चाके वळवल्यावर पुन्हा सरळ कशी होतात, हा विषय मी सुचवला तेव्हा चालकांनी विचारले, "याला श्रोते मिळतील का?" मी म्हटले, "आगाशीत मिळतील. सोळाव्या शतकात या गावी जहाजे बांधली जात होती. मागून दिशा देणे म्हणजे काय, हे इथे नव्याने सांगायला नको."

तेव्हा होडीपासूनच सुरुवात करू. सुकाणूची फळी पुढच्या कडेला बिजागरीसारखी अडकवलेली असते, बाकीचा भाग तिच्या मागे असतो. होडी पुढे चालली असता दांडा सैल सोडला, तर पाणी त्या फळीला मागे रेटते आणि ती मधोमध येऊ पाहते. तीच होडी मागे ढकलली, तर पाणी त्या फळीला एका बाजूला फेकून देते. म्हणजे सरळ होण्याचा गुण एकट्या सुकाणूचा नव्हे. तो सुकाणूची बांधणी आणि चालीची दिशा या दोहोंवर अवलंबून असतो.

मोटारीच्या पुढच्या चाकाचेही असेच आहे. चाक ज्या कण्याभोवती वळते, त्याची रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक टेकते त्या जागेच्या किंचित पुढे पडते. त्यामुळे चाक त्या रेषेच्या मागून ओढले जाते आणि वळण संपले की स्टिअरिंग हातातल्या हातात सरळ होते. दवाखान्यातल्या ढकलगाडीची लहान चाके पाहा. गाडीची दिशा उलटी केली की ती गर्रकन फिरतात. कारण तेच.

मग मागची चाके वळवण्याचा खटाटोप कशासाठी? वाडीची अरुंद वाट, खडकाळ चढ, चिखलातले वळण अशा ठिकाणी पुढची चाके उजवीकडे आणि मागची तितकीच डावीकडे वळली, तर गाडी थोडक्या जागेत फिरते. शिवाय मागची चाके पुढच्यांच्याच चाकोरीतून येतात, नवा चिखल तुडवत नाहीत. अमेरिकेतील जेफरी कंपनीने १९१३ साली चारही चाके वळणारा ट्रक काढला. मर्सिडीज-बेन्झनेही १९३० नंतरच्या दशकात अशी आडरानची गाडी तयार केली. शेतातले हार्वेस्टर आणि गोदामातली फोर्कलिफ्ट तर मागच्याच चाकांवर वळतात.

आता आपण म्हणाल, पुढच्या चाकांचे शहाणपण मागच्यांनाही द्यावे. पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे आडवाटेच्या गाडीला मागे येण्याचे काम फार, आणि मागे येताना हे शहाणपण उलटते. काही ट्रकांना आपोआप वळणारी मागची चाके असतात. रिव्हर्स घेण्यापूर्वी ती उचलून तरी घ्यावी लागतात किंवा अडकवून तरी ठेवावी लागतात. दुसरी अडचण अधिक मोठी. वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ पाहतो. त्याला धरून ठेवतात ती मागची चाकेच. तीच मोकळी सोडली, तर धरणार कोण? म्हणून मागची चाके तेलाच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरने वळवतात आणि त्यानेच धरतात. पण तेल चाकाला जिथे नेले तिथे धरून ठेवते. ते आपण होऊन परत आणत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी केळीच्या वाडीतून माल बाहेर काढण्यासाठी आम्ही चौघांनी एक लहान गाडी बांधली. मागच्या चाकांसाठी तिला वेगळी कळ होती. वाडीत गाडी झकास फिरली. डांबरी रस्त्यावर आली तेव्हा मागची चाके अंशभर वाकडी राहिली होती. वेग बेताचा होता तोवर कुणाच्या ध्यानात आले नाही. मग समोरून सायकल आली, चालकाने गाडी बाजूला घेतली, मागचा भाग झुलला आणि गाडी थेट बावखलाच्या काठाशी जाऊन थांबली. मागे टोपल्यांवर बसलेला मुलगा उडी मारून वाचला.

आम्ही चालकाला बोल लावला की, त्याने कळ मध्यावर आणली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी तपासली. कळ मध्यावरच होती. चाके मध्यावर नव्हती.

मग आम्ही दोन बाजूंना दोन स्प्रिंगा लावल्या. तरी चाके मध्याच्या जवळ येत आणि तिथेच थबकत. असे का व्हावे? मध्याजवळ दोन्ही स्प्रिंगांची ओढ जवळजवळ सारखी होते. उरलेला जोर इतका थोडा की सांध्यातले घर्षणही त्याला पुरून उरते. याला उतारा असा, की स्प्रिंग आधीच दाबून दोन ठोकळ्यांमध्ये अडकवावी. मग चाक केसभर हलले तरी तो सगळा दाब विरोधाला उभा राहतो.

एवढ्यानेही काम भागत नाही. कळ मध्यावर असताना तेलाची वाट बंद असेल, तर स्प्रिंग कितीही जोरकस असो, तिचे काही चालत नाही. वाट उघडी ठेवली, तर स्प्रिंग चाकांना परत आणते, पण मग दगडाचा धक्काही त्यांना वाकवू शकतो. म्हणजे परत आणणे आणि धरून ठेवणे ही दोन निराळी कामे आहेत. आणावे स्प्रिंगने, धरावे लोखंडी खिळीने.

आजकाल चाकाचा कोन मोजणारी विजेची साधने आली आहेत. बटण दाबले की चाके सरळ होतात. ती साधने जरूर वापरावीत. पण गाडी घेणाऱ्याने एक प्रश्न विचारल्याशिवाय राहू नये : वीज गेली किंवा तेलाची नळी फुटली, तर ही चाके कुठे जाऊन थांबतील? गाडी किती थोडक्यात वळते हे विक्रेता न विचारता सांगतो. ती किती नेमकी परतते, हे मात्र आपल्यालाच विचारावे लागते. रस्त्याने चालणाऱ्याचा जीव त्या दुसऱ्या उत्तरावर असतो.

त्या चालकाची मी माफी मागितली. खिळ बसली की लागणारा दिवा आम्ही तेव्हा कळीला जोडत होतो. तो म्हणाला, "भाऊ, दिवा कळीला नको, चाकाला जोडा. कळ कुठे आहे ते माझ्या हाताला कळतं." चार शिकलेल्या माणसांना जे सुचले नाही, ते त्याने एका वाक्यात सांगितले. आमच्या गाडीचा दिवा आता चाकाला जोडलेला आहे, आणि तो लागल्याशिवाय गाडी वाडीबाहेर पडत नाही.