ठिबकच्या जुन्या नळ्या : सांधाव्यात की बदलाव्यात?

(सोयगाव तालुक्यातील शेतकऱ्यांसाठी दिलेले भाषण)



अजिंठ्याच्या डोंगररांगेखालचा आपला सोयगाव तालुका कापसाचा. खरीप जवळ आला की शेताच्या बांधावर गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या आपण बाहेर काढतो. पाच-सात वर्षे वापरलेल्या या नळ्या उंदरांनी कुरतडलेल्या असतात, कुठे खुरप्याचा घाव लागलेला असतो, कुठे तोट्या बंद पडलेल्या असतात. मग प्रश्न पडतो, या हंगामापुरत्या सांधून घ्याव्यात की नवीन आणाव्यात? घरात एक जण म्हणतो, "चालतील अजून." दुकानदार म्हणतो, "सगळ्याच बदला." दोघांचेही अंदाजच असतात. आपण हा निर्णय मोजमाप करून कसा घ्यावा, ते पाहू.

गुलाबी बोंडअळीच्या बंदोबस्तासाठी जूनपूर्वी कापसाची लागवड करू नये, अशी शिफारस आहे. म्हणजे मे महिना आपल्या हाती मोकळा असतो. नळ्यांची तपासणी याच महिन्यात करावी. पाते-बोंडे लागण्याच्या काळात पावसाने ओढ दिली आणि त्याच वेळी संच बिघडला, तर दुरुस्तीला वेळ मिळत नाही.

गळती किती, हे आधी मोजा

एक एकर कापसात पाच फुटांवर नळ्या टाकल्या तर सुमारे २,६६० मीटर नळी लागते. दर ६० सेंटिमीटरवर तोटी धरली तर सुमारे ४,४०० तोट्या होतात. ताशी ४ लिटरची तोटी असेल तर एकराला तासाला १७,८०० लिटरच्या आसपास पाणी जाते.

आता एका फुटक्या जागेखाली डबा ठेवा. दोन मिनिटांत एक लिटर पाणी जमले तर त्या एका भोकातून तासाला ३० लिटर पाणी जाते. हे सात-आठ झाडांच्या वाट्याचे पाणी झाले. अशा ४० जागा असल्या तर तासाला १,२०० लिटर पाणी वाया जाते. शिवाय नळीतील दाब कमी होऊन शेवटच्या झाडांना पाणी पोचत नाही. ठिबकमधून विद्राव्य खत देत असाल तर खतही त्याच वाटेने जाते. वीज ठरावीक तासच मिळते, तेव्हा "जरा जास्त वेळ चालवू" हा त्यावरचा उपाय नव्हे.

पाणी सारखे पडते का?

त्यासाठी सोपी चाचणी आहे. एका व्हॉल्व्हखालील चार नळ्या निवडा : पहिली, शेवटची आणि मधल्या दोन. प्रत्येक नळीवर सुरुवातीची, शेवटची आणि मधल्या दोन अशा चार तोट्या घ्या. या सोळा तोट्यांखाली वाट्या ठेवून बरोबर तीन मिनिटे पाणी धरा आणि मोजपात्राने मोजा. ताशी ४ लिटरच्या तोटीतून २०० मिलिलिटर पाणी मिळाले पाहिजे.

सर्व सोळा मापांची सरासरी काढा. मग सर्वांत कमी आलेल्या चार मापांची सरासरी काढा. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून शंभराने गुणा. समजा एकूण सरासरी १८० आणि कमी चारांची १५३ आली, तर समानता ८५ टक्के झाली. हा संच चांगला समजावा. एकूण सरासरी १६० आणि कमी चारांची ९६ आली, तर समानता ६० टक्केच भरते. ९० टक्क्यांच्या वर उत्तम, ८० ते ९० चांगली, ७० ते ८० मध्यम आणि ७० च्या खाली असमाधानकारक, असे साधारणपणे मानतात.

आकडा कमी आला म्हणून लगेच नळ्या फेकू नयेत. आधी गाळणी साफ करा, नळ्यांची टोके उघडून पाणी वाहू द्या आणि पुन्हा मोजा. तोटीच्या तोंडाशी पांढरा थर असेल तर तो बहुधा विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षारांचा असतो. तो आम्ल प्रक्रियेने निघतो. १० लिटर पाण्यात थोडे थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून, पीएच कागदावर सामू ४ येईपर्यंत किती लागले ते मोजा. समजा ८ मिलिलिटर लागले. वर सांगितलेल्या एक एकराच्या संचातून १५ मिनिटांत सुमारे ४,४५० लिटर पाणी जाते, म्हणजे साडेतीन लिटर आम्ल लागेल. ते खताच्या टाकीतून किंवा व्हेंच्युरीतून सोडा, शेवटच्या तोटीवर सामू तपासा आणि संच २४ तास बंद ठेवा. नंतर टोके उघडून १० ते १५ मिनिटे स्वच्छ पाणी सोडा.

येथे दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. आणि आम्ल व ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. हातमोजे आणि चष्मा वापरावा व मुलांना दूर ठेवावे.

सांधण्याजोगी नळी कोणती?

नळीचा तुकडा हातात घेऊन पूर्ण दुमडा. सोडल्यावर ती पूर्ववत झाली आणि दुमडीवर भेग नसली, तर नळीत जीव आहे. दुमडीवर तडे गेले, तर उन्हाने प्लास्टिक मेले असे समजावे. अशा नळीला आज एक सांधा घातला तर उद्या शेजारी फुटेल.

नळी लवचिक आहे आणि उंदराने किंवा खुरप्याने एखाद्या जागी नुकसान केले आहे, तर जरूर सांधा. खराब भाग काटकोनात कापून काढा, टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करा आणि जॉइनर पूर्ण आत बसवा. सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि सुतळी यांवर विसंबू नका. दुपारच्या उन्हात नळी लांबते आणि पहाटे आखडते, म्हणून थोडी सैल ठेवा, नाहीतर जॉइनर निसटतो. ६० मीटरच्या एका ओळीत पाच-सहापेक्षा जास्त सांधे होत असतील तर ती ओळच बदलावी आणि तिच्यातील चांगले तुकडे इतर ओळींच्या दुरुस्तीला ठेवावेत.

घरच्या परसबागेच्या किंवा गोठ्याच्या होजपाईपलाही हाच नियम लावावा. टोकाला फुटला तर तेवढा कापून क्लॅम्प लावा. सगळीकडे कडक झाला असेल तर बदला.

हिशेब कसा मांडावा?

समजा नवीन नळ्यांना २१,००० रुपये लागतात आणि त्या सात वर्षे टिकतात, तर वर्षाचा खर्च ३,००० रुपये झाला. जुन्या नळ्यांना जॉइनर ९०० रुपयांचे आणि चार दिवसांची मजुरी १,६०० रुपये, असे २,५०० रुपये लागले आणि त्या एकच हंगाम चालणार असतील, तर बचत अवघी ५०० रुपयांची होते. तेवढ्यासाठी शेवटच्या ओळींचा एक क्विंटल कापूस गमावणे परवडेल का, हे तुम्हीच ठरवा. उलट दुरुस्ती ८०० रुपयांत होऊन समानता ८५ टक्के राहत असेल, तर नवीन नळ्या घेण्याची घाई करू नका.

एकदम सगळे बदलणे शक्य नसेल तर व्हॉल्व्हनिहाय बदला. एका व्हॉल्व्हखाली सर्व नवीन नळ्या आणि दुसऱ्याखाली निवडलेल्या चांगल्या जुन्या, अशी विभागणी करावी. एकाच व्हॉल्व्हखाली ताशी २ लिटर आणि ४ लिटरच्या तोट्या मिसळू नयेत.

नवीन नळी घेताना भारतीय मानक ब्युरोची खूण पाहावी. साध्या उपनळीसाठी आय.एस. १२७८६ आणि आत तोटी बसवलेल्या इनलाइन नळीसाठी आय.एस. १३४८८ हे मानक आहे. पक्के बिल घ्यावे. शेजारचे जळगाव हे ठिबक साहित्य निर्मितीचे मोठे केंद्र असल्याने दोन-तीन ठिकाणी भाव विचारणे आपल्याला अवघड नाही. अनुदान हवे असेल तर खरेदीपूर्वी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. त्याच क्षेत्रावर पूर्वी लाभ घेतला असेल तर पुन्हा लाभ मिळण्यासाठी वर्षांची अट असते.

काढलेल्या नळ्या जाळू नयेत व नांगराखाली गाडू नयेत. त्या वितळवून पुन्हा वापरल्या जातात, म्हणून भंगारात द्याव्यात.

तेव्हा बंधूंनो, येत्या मे महिन्यात सोळा वाट्या आणि एक मोजपात्र घेऊन एक सकाळ शेतात घालवा. पाणी मोजा, नळी दुमडून पाहा, हिशेब मांडा आणि मगच निर्णय घ्या.