नोंदवहीची शिस्त आणि आभासी यंत्रे
(भाषणाचा मजकूर)



कोहिनूर हे बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील गाव. कर्नाटक शासनाच्या ‘भूमी’ योजनेमुळे येथील शेतकऱ्याला जमिनीच्या पहाणीचा उतारा संगणकावरून मिळू लागला. उतारा मिळण्यास विलंब झाला की दोष खिडकीवरील कर्मचाऱ्याला दिला जातो. परंतु संगणकाच्या कोणत्याही सेवेतील विलंबाचे मूळ कधी कधी यंत्राच्या अंतर्भागातही असू शकते. अशाच एका कारणाचा विचार आज करावयाचा आहे.

मोठ्या संगणक केंद्रांत एकाच यंत्रावर अनेक ‘आभासी यंत्रे’ चालविली जातात. अशा यंत्राला सहसा स्वतःची खरी डिस्क नसते. माहितीसाठी त्याला यजमान संगणकाकडे मागणी नोंदवावी लागते. हे काम ड्रायव्हर नावाची आज्ञावली करते. या देवघेवीसाठी रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने ‘व्हर्टआयओ’ ही पद्धती निर्माण केली आणि २००८ साली तीविषयीचा निबंध प्रसिद्ध केला.

या पद्धतीत ठराविक ओळींची एक नोंदवही असते. प्रत्येक ओळ १६ बाइटांची. माहिती स्मृतीत कोठे आहे, ती किती आहे आणि पुढील ओळ कोणती, हे त्या ओळीत लिहिलेले असते. समजा, नोंदवहीत २५६ ओळी आहेत. डिस्कवरील माहितीच्या साध्या मागणीलाही तीन ओळी लागतात: मागणीचा तपशील, माहितीची जागा आणि कामाचा निकाल. म्हणजे ८५ मागण्यांतच वही भरते आणि ८६ व्या मागणीला तिष्ठत राहावे लागते.

यावर उपाय निघाला तो असा: तिन्ही ओळी स्वतंत्र चिठ्ठीवर लिहाव्यात आणि चिठ्ठीचा ठावठिकाणा तेवढा वहीच्या एका ओळीत नोंदवावा. मग त्याच वहीत २५६ मागण्या मावतात. तथापि चिठ्ठी फुकट मिळत नाही. प्रत्येक वेळी स्मृतीत नवी जागा मिळवावी व काम होताच ती परत करावी लागते. वही रिकामी असताना हा खटाटोप व्यर्थ. गर्दी असताना मात्र तोच उपकारक ठरतो.

लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये अनेक वर्षे एक साधा नियम राहिला: मागणीचे तुकडे एकाहून अधिक असतील आणि वहीत ओळ मोकळी असेल, तर चिठ्ठी वापरावी. ही मर्यादा अजून नीट जुळवावयाची आहे, अशी टीपही रचनाकारांनी नियमाशेजारीच लिहून ठेवली होती. चिठ्ठीसाठी जागा न मिळाल्यास काम अडू नये, म्हणून थेट वहीत लिहिण्याची सोयही त्यांनी ठेवली.

तेव्हा अधिकाऱ्यांनी नवे यंत्र मागविण्यापूर्वी, गर्दीच्या वेळी वही खरोखर भरते काय, याची मोजणी तंत्रज्ञांकडून करून घ्यावी. शिक्षकांनी हे तत्त्व शाळेच्या हजेरीपटाच्या दाखल्याने विद्यार्थ्यांना समजावून द्यावे. मोजल्यावाचून केलेली सुधारणा म्हणजे निव्वळ अंदाज होय. आणि अंदाज चुकला, तर त्याची किंमत रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपल्या वेळेने मोजावी लागते.