काचबिंदूची दोन रूपे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आमच्या माहेरी काचबिंदू दोन निरनिराळ्या वाटांनी आला, म्हणून आज हा विषय घेते.

गेल्या दिवाळीत माझ्या थोरल्या बहिणीचा उजवा डोळा एकाएकी लाल झाला, कपाळ ठणकू लागले, ओकाऱ्या झाल्या. आम्ही पित्त समजून आलेपाक दिला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कळले, की डोळ्यातले पाणी निचरण्याचा कोन बंद होऊन दाब चढला होता. सख्ख्या बहिणीनेही तपासून घ्यावे, असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणून मी गेले. मला ना दुखत होते, ना खुपत होते. कोन उघडा, दाब १६. साधारण २१ पर्यंत ठीक धरतात. तरीही डोळ्यामागची नस झिजू लागलेली निघाली!

पुढे दोघींच्या डोळ्यांचे ओसीटी अँजिओग्राफी नावाचे चित्र काढले. त्यात सुई टोचावी लागत नाही. प्रकाशाच्या साहाय्याने पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांची जाळी दिसते. निरोगी डोळ्यात ती दाट असते. ताईच्या उजव्या डोळ्यात ती डाव्याहून विरळ होती. माझ्याही डोळ्यात नसेजवळ एका बाजूला विरळ होती, धुऊन धुऊन विरलेल्या पातळासारखी.

मी विचारले, "जाळी पाहून प्रकार ओळखता येतो का?"

डॉक्टर म्हणाले, "नाही. दोन्हींत ती विरळच होते. प्रकार ठरवायला आरशाचे भिंग लावून कोनच पाहावा लागतो. रक्त आधी कमी होते की नस आधी झिजते, याचाही पुरता निकाल लागलेला नाही."

ताईच्या दोन्ही डोळ्यांना लेसरने बारीक छिद्र केले. मी रोज रात्री न चुकता थेंब घालते. गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली राखता येते.

भगिनींनो, चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असे नव्हे. नुसत्या दाबाच्या आकड्यावरही विसंबू नका. नस पाहायला सांगा. चाळिशी उलटलेल्यांनी, आणि घरात कोणाला काचबिंदू असेल त्यांनी तर आळस करूच नये. भिशीला जशा एकमेकींना हाका मारतो, तशाच डोळे तपासायलाही मारू या.